लोकसहभाग म्हणजे सरकारची सुटका नव्हे

अंगणवाडीच्या प्रश्नावर बैठक असो, परिसंवाद असो की मोर्चानंतरची सभा, एक युक्तिवाद हटकून पुढे येतो. तो मांडणारी माणसं आपल्याच बाजूची असतात, म्हणून त्याला उत्तर देताना जीभ अडखळते. म्हणणं असं, की तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शिक्षण आणि पोषण ही सरकारची जबाबदारी आहे. सरकारला हात आखडता घ्यायचा असला की ते लोकसहभागाची भाषा बोलू लागतं. म्हणून पालक, ग्रामसभा, बचत गट, स्वयंसेवी संस्था यांना अंगणवाडीच्या कारभारात गुंतवूच नये. पूर्ण निधी मागावा, पक्की इमारत मागावी, सेविकेला पगार मागावा आणि बाकीच्यांना दाराबाहेर ठेवावं.

यातल्या सगळ्या मागण्या खऱ्या आहेत. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि त्याचा भुर्दंड मुलांवर पडतो. म्हणून हे उत्तर.

आधी या संशयाला आधार काय ते मान्य करतो. 2023 च्या राज्य अर्थसंकल्पात सेविकांचं मानधन 8,325 रुपयांवरून 10,000 झालं आणि मदतनिसांचं 4,425 वरून 5,500. महिनाभर पोषण, लसीकरणाचा पाठपुरावा, वजनं, गृहभेटी, शाळापूर्व शिक्षण आणि मोबाइलमधल्या नोंदी सांभाळणाऱ्या बाईला सरकार तेव्हा इतकंच देत होतं, आणि त्याला वेतन म्हणायलाही तयार नव्हतं. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळवायला सेविकांना थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. तो निकाल 25 एप्रिल 2022 चा. त्यानंतरही 4 डिसेंबर 2023 पासून राज्यभरातल्या सेविका आणि मदतनिसांना संपावर जावं लागलं. मुलाच्या पूरक आहाराचा 2017 साली ठरलेला दर दिवसाला 8 रुपये. हे सगळं पाहिलेल्या माणसाला सरकारी तोंडून ‘लोकसहभाग’ ऐकताना चीड येत असेल, तर ती रास्त आहे. अंगणवाड्या दत्तक देण्याच्या योजना आल्या, तेव्हा ती चीड आणखी वाढली. कंपनी येते, भिंतीवर हत्ती-ससे रंगवते, कपाट देते, फलक लावते. पुढच्या वर्षी तिचा निधी दुसऱ्या जिल्ह्यात जातो आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हेही कुणाला ठाऊक नसतं.

इथेच पहिली गफलत होते. त्या कंपनीनं अंगणवाडीतल्या एकाही मुलाच्या आईला काही विचारलेलं नसतं. तिला गाव फोटोपुरतं हवं असतं. देणगीदार आणि पालक हे दोन वेगळे पक्ष आहेत. देणगीदार आपल्या सोयीनं येतो आणि जातो. पालकाचं मूल मात्र तिथे रोज बसतं. या दोघांना एकाच खात्यात टाकून दोघांनाही नको म्हणणं म्हणजे परक्याला हाकलताना घरच्यालाही बाहेर काढणं आहे. दत्तक योजनांना माझाही विरोध आहे. ज्यांची मुलं अंगणवाडीत आहेत त्यांचा आवाज त्यांत कुठेच नाही, हेच माझं कारण आहे.

दुसरी गफलत इतिहासाची आहे. अंगणवाडी ही सरकारनं आखलेली आणि नंतर लोकांवर ढकललेली गोष्ट असल्यासारखं बोललं जातं. घडलं ते उलट. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलेल्या आणि 1926 साली स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या कामात मुरलेल्या ताराबाई मोडक 1945 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. ताराबाईंपुढचा प्रश्न साधा होता. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं आणि शहरी बालमंदिराचा थाट गावाला परवडणार नाही. मग गरिबाच्या मुलाला बालशिक्षण मिळणारच नाही का? त्यांनी गावात बालवाडी काढली. दलित वस्तीतली मुलं तिथे येईनात, तेव्हा बालवाडीच उचलून त्या वस्तीच्या अंगणात नेली. शिंपले, गोटे, बिया, पानं, काड्या ही शिकण्याची साधनं झाली. मुलांना न्हाऊ-माखू घालणं, नखं कापणं हाही शिक्षणाचाच भाग होता. हे काम वस्तीतल्या घरांशी रोजचं बोलणं असल्याशिवाय होण्यासारखं नव्हतं. पुढे 1957 मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर वारली पाड्यांमध्ये गेलं. तिथे विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र बांधल्या गेल्या, कारण धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी शाळेत यायची तर त्या भावंडाचीही सोय लागते. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. यातली एकही युक्ती सचिवालयात सुचण्यासारखी नव्हती. पाड्यावर दिवस कसा जातो हे पाड्याकडूनच कळलं, आणि त्याप्रमाणे शाळेचा आकार बदलला.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा बोर्डी-कोसबादची ही तीस वर्षं तिच्या पाठीशी होती. योजनेनं अंगणातली बालवाडी उचलली. पण त्या अंगणातल्या आयांना तिनं फक्त लाभार्थी केलं. त्यांची नावं नोंदवहीत आली, त्यांचं मत विचारायची जागा कुठेच ठेवली नाही. माझ्या मते अंगणवाडीच्या पुढच्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ इथे आहे. लोकसहभाग नको म्हणणारे आपले मित्र नकळत याच रचनेची पाठराखण करतात.

आता मुख्य मुद्दा. गावाला बाजूला ठेवलं की त्या रिकाम्या जागी सरकार येतं, असं हे मित्र धरून चालतात. अनुभव सांगतो की तिथे कंत्राटदार येतो. अंगणवाडीतल्या आहाराची गोष्ट पाहा. 7 ऑक्टोबर 2004 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं होतं की अंगणवाडीच्या पोषण आहारासाठी कंत्राटदार वापरू नयेत. ग्रामसमुदाय, बचत गट आणि महिला मंडळं यांच्यामार्फत तो पुरवावा. आदेशाचा हेतू निव्वळ पैसे वाचवण्याचा नव्हता. गावातली बाई शिजवते तेव्हा डाळ पातळ झाली की दुपारपर्यंत वस्तीभर कळतं. सीलबंद पाकिटातल्या पिठाचा जाब कुणाला विचारायचा हे कुणालाच ठाऊक नसतं. मग ते पीठ गुरांच्या दावणीत जातं. तरीही महाराष्ट्रात घरी न्यायच्या आहाराचा पुरवठा मोठमोठ्या पुरवठादारांकडे एकवटत गेला. 2016 च्या निविदेतल्या अटी गावपातळीवरच्या बचत गटांना झेपण्यासारख्याच नव्हत्या. या अटींविरुद्ध बचत गटच न्यायालयात गेले, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती निविदाप्रक्रिया रद्द ठरवली.

या लढ्यात सरकारला त्याच्या जबाबदारीवर आणलं कुणी? पोह्याचे लाडू आणि पापड करून संसाराला हातभार लावणाऱ्या बायकांच्या गटांनी. अंगणवाडीच्या ताटात त्यांचा अधिकृत वाटा होता म्हणून त्यांना दाद मागता आली. ‘इतरांना दाराबाहेर ठेवा’ हे धोरण पूर्वीपासून कडकपणे पाळलं असतं, तर दार ठोठावायला कुणी उरलंच नसतं.

ज्या खटल्यात 2004 चा आदेश आला होता, त्याच खटल्याच्या ओघात 13 डिसेंबर 2006 चा आदेश आला, आणि आपल्या चळवळीनं त्याचा हवा तसा उपयोग करून घेतला नाही याचं मला वाईट वाटतं. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान 40 मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या ग्रामस्थांनी किंवा झोपडपट्टीवासीयांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे, असं तो सांगतो. हा हक्क न्यायालयानं वस्तीला दिला आहे. मागणी वस्तीनं करायची, मोजदाद वस्तीनं पुढे ठेवायची आणि उत्तर सरकारनं द्यायचं. लोकांचा सहभाग आणि सरकारचं उत्तरदायित्व एकमेकांच्या आड येतात, असं मानणाऱ्यांनी हा आदेश पुन्हा वाचावा. इथे पहिल्याशिवाय दुसरं सुरूच होत नाही.

या युक्तिवादाची एक बाजू मी सहजासहजी मोडीत काढणार नाही, आणि ती जातीची आहे. गाव म्हणजे कोण, असा प्रश्न दलित कार्यकर्ते विचारतात. गावाच्या हाती अंगणवाडी दिली की ती सरपंचाच्या आळीत जाणार, मदतनीस त्याच्या नात्यातली होणार आणि दलित बाईनं शिजवलेलं अन्न नको म्हणून मुलं घरी ठेवली जाणार, अशी त्यांची भीती आहे. डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर 1948 मध्ये घटना समितीत ग्रामव्यवस्थेच्या गोडव्यांवर केलेली टीका आजही खोटी ठरलेली नाही. पण सरकारी बंद दारामागे जात थांबते का? अंगणवाडी कुठल्या आळीत काढायची हे बहुतेक ठिकाणी कागदावर अधिकाऱ्यानंच ठरवलं, आणि तरीही ती वरच्या आळीतच गेली. 2006 च्या आदेशात अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्या असं वेगळं लिहावं लागलं, ते यामुळेच. जातीच्या प्रश्नाला उत्तर पालकांना बाहेर ठेवून मिळत नाही. ज्या घरांतली मुलं अंगणवाडीत येतात, आणि जी यायला हवीत पण येत नाहीत, त्या घरांना निर्णयात बसवून मिळतं. बोर्डीला ताराबाईंनी बालवाडी थेट दलित वस्तीत नेली होती. सहभाग मागायचा तो याच क्रमानं: आधी पाडा, आधी वस्ती, मग ग्रामपंचायत.

अमेरिकेतलं एक उदाहरण इथे चपखल बसतं. 1965 मध्ये गरीब मुलांसाठी ‘हेड स्टार्ट’ हा शाळापूर्व कार्यक्रम सुरू झाला तेव्हा वर्णद्वेषानं पोखरलेल्या मिसिसिपी राज्यात गरीब काळ्या पालकांच्या बळावर एक संस्था उभी राहिली. पहिल्याच उन्हाळ्यात तिच्या केंद्रांत सुमारे 6,000 मुलं आली. कालपर्यंत कापसाच्या शेतात आणि गोऱ्यांच्या घरात राबणाऱ्या बायका तिथे शिक्षिका झाल्या आणि त्यांना वेतन वॉशिंग्टनच्या तिजोरीतून मिळू लागलं. स्थानिक गोऱ्या पुढाऱ्यांनी त्यावर आकाशपाताळ एक केलं. सिनेटर जॉन स्टेनिस यांनी तो निधी बंद पाडण्यासाठी जंग जंग पछाडलं. 1966 मध्ये निधीवर गदा आलीही. सहभाग ही सरकारला सोयीची पळवाट असती, तर सत्ताधाऱ्यांना तो इतका खुपला नसता. त्या संघर्षातून टिकलेली गोष्ट अशी, की आजही हेड स्टार्टच्या धोरण परिषदांत बहुसंख्य जागा पालकांच्या असतात, आणि पैसा सरकारचाच असतो.

आणखी एक आक्षेप शिक्षणतज्ज्ञांकडून येतो. पालकांना विचाराल तर ते एबीसीडी मागतील, चार वर्षांच्या मुलाकडून पाटीभर अक्षरं गिरवून घ्यायला सांगतील आणि खेळातून शिक्षणाचा बट्ट्याबोळ होईल, असं ते म्हणतात. मागणी तशी होते हे खरं. गल्लीतल्या इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत मूल टाय लावून जातं आणि अंगणवाडी खिचडीची शाळा ठरते. पण पालक असं का मागतात? आत काय चालतं ते त्यांना कधी दाखवलेलंच नसतं. वहीत अक्षर दिसतं, म्हणून अक्षर मागितलं जातं. मण्यांची वर्गवारी करताना, चित्र पाहून गोष्ट सांगताना, एका पायावर उड्या मारताना मुलाची कोणती तयारी होते, हे आईला समोर दिसलं तर ती तेच मागू लागते. 2022 पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ या नावानं शाळापूर्व तयारीचे मेळावे भरू लागले, तेव्हा हेच सूत्र धरलं होतं. मूल एकेका टेबलापाशी एकेक कृती करतं, आई बघते, आणि मग वस्तीतल्या आयांचे गट ‘लीडर माते’च्या पुढाकारानं घरी तशाच कृती करून घेतात. माझी तक्रार एवढीच की मेळावा पहिलीच्या उंबरठ्यावर भरतो. तीन वर्षांच्या मुलाच्या आईलाही तो हवा, आणि वर्षभर हवा.

काही गोष्टी तर तज्ज्ञांना आणि सरकारला कितीही पैसा ओतून आणता येणार नाहीत. मेळघाटातलं मूल कोरकू बोलत येतं, भामरागडचं माडिया, तलासरीचं वारली. पुस्तिका प्रमाण मराठीत असते. त्या मुलाला पहिली गोष्ट त्याच्या भाषेत सांगणारी माणसं त्याच्याच पाड्यावर आहेत: आजी, मावशी, जत्रेत तारपा वाजवणारा काका. आठवड्यातून एकदा त्यांना अंगणवाडीत बसवायला निविदा लागत नाही. सेविकेला तशी मोकळीक आणि मुख्यसेविकेचा पाठिंबा लागतो. मुंबईत 1990 च्या दशकाच्या मध्यापासून ‘प्रथम’नं झोपडपट्ट्यांत बालवाड्या काढल्या तेव्हा जागेचाही प्रश्न असाच सुटला. देवळाचा ओटा, कुणाच्या घरातली खोली, मंडळाचं कार्यालय अशा जागी वस्तीतल्याच मुली मुलांना घेऊन बसल्या. इमारतीची वाट पाहिली असती तर त्या मुलांची ती दोन-तीन वर्षं हातची गेली असती. पुढे महापालिकेनं जागा द्यायला हवी होती का? नक्कीच. पण ते मूल तोवर तीन वर्षांचं राहणार नव्हतं.

आयांना वेळ कुठे आहे, हा आक्षेप मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण तो बायकांच्या बाजूनं घेतलेला आहे. पहाटे चारला उठणाऱ्या मजूर बाईवर आणखी एका समितीची बैठक लादू नका, असं म्हणणाऱ्याचं मन चांगलंच असतं. पण तिच्या वेळेची खरी लूट आजच्या व्यवस्थेत होते. अंगणवाडी दुपारीच सुटते आणि मजुरी संध्याकाळपर्यंत चालते, तेव्हा मोठी मुलगी शाळा सोडून घरी बसते. बीडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीनंतर निघतात आणि उन्हाळा येईतो कारखान्याच्या परिसरात कोपीत राहतात. मुलाचं नाव मात्र गावच्या हजेरीत राहतं, आहार तिथे येतो आणि मूल फडाच्या कडेला उपाशी खेळतं. कुठली टोळी कोणत्या कारखान्याला गेली आणि तिच्यासोबत किती मुलं आहेत, हे गावातल्या माणसांना आणि मुकादमाला तोंडपाठ असतं. गावची सेविका, कारखाना आणि जिथे टोळी जाते तिथली अंगणवाडी यांचा सांधा कुणी जोडला, तर त्या आईवरचं ओझं कमीच होतं. वेळ नाही म्हणून तिला विचारायचं नाही, आणि तिला विचारलं नाही म्हणून अंगणवाडीची वेळ तिच्या सोयीची नाही, हे चक्र तोडायचं तर विचारण्यापासूनच सुरुवात करावी लागेल. बैठकीला वडीलही येऊ शकतात, हे तर कुणी बोलतही नाही.

इटलीतल्या रेज्जो एमिलियाचं नाव आज जगभरचे बालशिक्षणवाले घेतात. तिथली पहिली शाळा 1945 मध्ये युद्ध संपता संपता गावकऱ्यांनी बांधली, जर्मन सैन्यानं मागे टाकलेला रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून आलेल्या पैशातून. ते बांधकाम पाहायला शिक्षक लोरिस मालागुझ्झी सायकलवरून गेले आणि तिथेच गुंतले. लोकांनी स्वतः शाळा बांधली म्हणून नगरपालिका सुटली नाही. लोकांनी मागणी लावून धरली, 1963 मध्ये नगरपालिकेची पहिली बालशाळा निघाली, पैसा सार्वजनिक झाला आणि कारभारात पालक राहिले. आपले मित्र या दोहोंतून एक निवडा म्हणतात. ती निवड करायची गरजच नाही.

महाराष्ट्रात तर पैशाचे रस्तेही आधीच आहेत. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना 2015 पासून आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी थेट मिळतो. हे पैसे कशावर गेले हे ग्रामसभेत विचारणारा पालकांचा गट नसेल, तर ते गटार आणि पेव्हर ब्लॉकमध्ये जिरतात. अंगणवाडीच्या देखरेखीसाठी गावपातळीवरच्या समित्याही कागदावर आहेत. त्यांच्या सभांचं इतिवृत्त बहुधा सेविकाच लिहिते आणि सह्या घरोघर फिरून गोळा करते. याला सहभाग म्हणून कुणी त्याच्या अपयशाचे दाखले देत असेल, तर मी म्हणेन की तो आपण अजून करूनच पाहिलेला नाही.

2023 च्या डिसेंबरात सेविका संपावर गेल्या तेव्हा त्यांना नोटिसा आल्या. मुलांचे हाल होताहेत असं सांगत सरकारनं पालकांनाच त्यांच्याविरुद्ध पुढे केलं. पालकांच्या वतीनं उठून ‘हाल संपामुळे नाहीत, तुमच्या मानधनामुळे आहेत’ असं सांगू शकेल अशी राज्यव्यापी पालक संघटना त्या दिवशी नव्हती. सेविकांच्या संघटनांना माझं सांगणं आहे की पुढच्या मागणीपत्रात वेतनश्रेणी, निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटीच्या जोडीला एक मागणी घाला. प्रत्येक अंगणवाडीला पालक समिती असावी, तिच्यात निम्म्याहून अधिक जागा तिथल्या मुलांच्या आई-वडिलांच्या असाव्यात, आहाराचा साठा आणि खर्चाचा हिशेब पाहण्याचा तिला लेखी अधिकार असावा, आणि तिचं कुठलंही कागदी काम सेविकेच्या अंगावर पडू नये. ही मागणी सरकार सहज मान्य करणार नाही. ती करून घेण्यासाठी सेविका आणि आया यांना एकाच मोर्चात यावं लागेल.